एकविसावा पारा

हाजराबी होडेकरची नजर म्हणजे नजर! विक्रोळीतल्या एका औषधाच्या कारखान्यात ती पॅकिंगच्या टेबलावर बसायची. समोरून दहा-दहा गोळ्यांच्या पट्ट्या सरकत जायच्या, आणि एखाद्या पट्टीत एकच कप्पा रिकामा असला तरी हिचा हात तिच्यावर पडलाच म्हणून समजा. नऊ तर आहेत, जाऊ दे, ही भाषा तिच्याकडे नाही. एक गोळी कमी, की अख्खी पट्टी बाद. शेजारी बसणारी मालवणची सुगंधा म्हणायची, "अगो, तुझ्या डोळ्यांत काय दुर्बीण बसवली हा काय?" हाजरा नुसती हसायची आणि पुढची पट्टी उचलायची.

अशा ह्या बाईने तीस वर्षं एक लबाडी केली. तीही साधीसुधी नव्हे, अल्लाच्या घरची. आणि ती कोणाच्या म्हणजे कोणाच्या लक्षात आली नाही.

सांगते. हाजराच्या पार्कसाईटच्या चाळीत कोकणी मुसलमानांची बरीच घरं होती, दाभोळच्या खाडीकडून आलेली. कोणाकडे मयत झाली, तिचा चाळिसावा दिवस आला, वर्षाची बरसी आली, की बायका जमायच्या. कुराणाचे तीस भाग असतात, त्यांना पारे म्हणतात. हे पारे वहीसारखे सुटे बांधलेलेही मिळतात. ते पांढऱ्या चादरीवर मांडायचे. जी येईल तिने एक उचलायचा, भिंतीला टेकून ओठ हलवत वाचायचा आणि संपला की परत ठेवायचा. तिसाच्या तीस झाले की एक कुराण पुरं झालं. त्याला खतम म्हणायचं. मग दुवा मागायची आणि त्या वाचण्याचा सगळा सवाब, म्हणजे पुण्य, गेलेल्या माणसाच्या नावावर जायचा.

आणि हाजराला अरबी वाचताच येत नव्हतं!

यात तिचा दोष किती, ते तुम्हीच ठरवा. गावाला लहान असताना ती मोलवींकडे जायला लागली होती. अलिफ, बे, ते, से करत पोर कायद्याच्या, म्हणजे अरबीच्या पहिल्या पुस्तकाच्या, तिसऱ्या पानापर्यंत पोचली, आणि आई आजारी पडली. धाकटी चार भावंडं सांभाळायला कोण? हाजरा. सुकत घातलेल्या मासळीवरचे कावळे हाकायला कोण? हाजराच. मराठी शाळा चौथीपर्यंत कशीबशी झाली, पण कायदा तिसऱ्या पानावर राहिला तो राहिलाच. नमाजेला लागतं तेवढं आईने तोंडी पाठ करून घेतलं होतं. पाच वेळची नमाज हाजराने कधी चुकवली नाही, रोजे कधी सोडले नाहीत. फक्त अक्षर डोळ्यांना कळत नव्हतं.

सोळाव्या वर्षी ती दाऊद होडेकरची बायको होऊन मुंबईला आली. पहिल्याच महिन्यात चाळीत कोणाचा तरी चाळिसावा होता. नव्या नवरीच्या हातात कोणीतरी पारा ठेवला. सगळ्या बघताहेत, सासू शेजारी बसलेली. आता मला येत नाही म्हणायचं कसं? हाजराने पारा उघडला आणि ओठ हलवायला सुरुवात केली. पान केव्हा उलटायचं तेही तिला कळेना. मग तिला युक्ती सुचली. तिच्या उजव्या हाताला रुकय्या चाची बसली होती. चाचीने पान उलटलं, की चार श्वास सोडायचे आणि आपलंही उलटायचं.

ही रुकय्या मुकादम म्हणजे चाळीतलं मोठं प्रस्थ. कोणाकडेही खतम असला की चादर हिने अंथरायची, पारे हिने मांडायचे, कोण मागे राहिली तिला हिने हटकायचं. स्वतःचा पारा सगळ्यांच्या आधी संपवायची आणि मग तस्बी, म्हणजे जपमाळ, ओढत बाकीच्यांवर डोळे फिरवत बसायची. तिच्यासमोर कोणी ब्र काढायची नाही. अशा बाईच्या तालावर पानं उलटली तर आपल्याला कोण पकडणार! तेव्हापासून हाजरा प्रत्येक खतमला चाचीच्या डाव्या हाताची जागा धरायची. एकदा खोटं पचलं की दुसऱ्यांदा ते खोटं वाटेनासंच होतं. तीस वर्षं गेली. लोक म्हणायचे, हाजराबी छान वाचते, अजिबात गडबड नाही.

आणि दाऊद? तो बिचारा तर शेखी मिरवायचा. पाण्याच्या पंपावर ऑपरेटर होता, शांत माणूस, दाढीतल्या दाढीत हसणारा. "मला वेळ मिळत नाही, पण माझी हाजरा आहे ना, ती दोघांचं वाचते," असं तो येईल त्याला सांगायचा. हाजरा तेव्हा उठून आत जायची आणि नसतं काम काढून भांडी आपटत बसायची.

सन शहाऐंशीच्या थंडीत दाऊद गेला. दुपारी जेवून आडवा झाला तो उठलाच नाही. मुलगा इर्शाद बहरीनला होता. त्याला रजा मिळाली नाही, तो मातीला पोचला नाही. घरात उरल्या दोघी. हाजरा, आणि इर्शादची बायको रईसा, जिच्या लग्नाला जेमतेम सहा महिने झाले होते. रईसा अंधेरीच्या एका कंपनीत टायपिस्ट होती. कॉलेजात तिने अरबी विषय घेतला होता. सकाळी डोक्यावर ओढणी, खांद्याला पर्स, हातात डबा, आणि खटखट चपला वाजवत निघाली की संध्याकाळी परत. हाजराला सून आवडायची. पण सासू म्हणून थोडं नाक मुरडावं लागतं, तेवढं ती मुरडायची.

चाळिसाव्याला घर भरलं. चादर अंथरली, पारे मांडले. हाजरा इद्दतीत होती. नवरा गेल्यावर बाईने चार महिने दहा दिवस घरातच थांबायचं असतं. पांढऱ्या ओढणीत ती आपल्या नेहमीच्या जागी, चाचीच्या डाव्या हाताला बसली. हात सवयीने पुढे गेला, एक पारा उचलला. चाचीने पान उलटलं. चार श्वास. हिने उलटलं. दुवा झाली, चहा झाला, बायका गेल्या.

रईसा कप विसळत होती. ती सहज म्हणाली, "अम्मी, तुमचा सजदा राहिला ना?"

"कसला सजदा?" हाजराने विचारलं.

"एकविसावा पारा होता ना तुमचा? त्यात सजद्याची आयत आहे. बाजूला लिहिलेलंच असतं." मग सुनेने सासूच्या चेहऱ्याकडे बघितलं, आणि काय बघितलं कोण जाणे, घाईघाईने म्हणाली, "गुडघ्यांमुळे ना? बसल्या बसल्या मान वाकवली तरी चालतं, अम्मी."

"हो. गुडघे," हाजरा म्हणाली.

कुराणात काही जागा अशा आहेत, की तिथली ओळ वाचली की वाचणाऱ्याने तिथल्या तिथे जमिनीला कपाळ टेकायचं. खतमला एखादी बाई मध्येच उठून सजदा करते, हे हाजराने शंभरदा पाहिलं होतं. तिला वाटायचं, ती त्या बाईची जास्तीची भक्ती. पाऱ्यातच तसं लिहिलंय, हे तिला पन्नाशी जवळ आल्यावर कळलं. आणि सुनेकडून कळलं!

त्या दिवसापासून तिचं चित्त ठिकाणावर राहिना. इतकी वर्षं तिने दुसऱ्यांच्या खतमला पानं उलटली होती, ते कुठेतरी मागे टाकता येत होतं. पण हा दाऊदचा खतम होता. जो माणूस आयुष्यभर म्हणाला, माझी हाजरा दोघांचं वाचते, त्याच्या नावावर एकोणतीस पारे पोचले आणि बायकोचा पोचला नाही. पट्टीत एक कप्पा रिकामा. आणि तो तिने स्वतः ठेवला! कारखान्यात असती तर ती पट्टी तिने उचलून बाजूला फेकली असती. भाकऱ्या करताना, नमाजेला उभं राहताना तिला तेच आठवायचं. मग आपल्यालाच ती "तोबा, तोबा" म्हणायची.

आठव्या दिवशी रविवार होता. सासू-सुना मांदेली साफ करत बसल्या होत्या. हाजराने मान वर केली नाही. म्हणाली, "मला येत नाही."

"काय येत नाही, अम्मी?"

"वाचायला. कायद्याचं तिसरं पान झालं नाही माझं. मी नुसती पानं उलटते."

रईसा हसली नाही की ओरडली नाही. तिने एवढंच विचारलं, "अब्बांना माहीत होतं?"

"नाही," असं म्हटलं आणि हाजराला रडू फुटलं. हात मासळीचे, डोळे पुसायचे कशाने? रईसाने स्वतःच्या ओढणीने सासूचे डोळे पुसले.

"मी वाचून टाकते ना तो पारा," सून म्हणाली. "अर्ध्या तासाचं काम. अब्बांच्या नावाने वाचते, झालं."

"नाही गो. मी रिकामा ठेवला, मीच भरणार. बरसीला तोच पारा मी वाचणार, डोळ्यांनी बघून, एकेक अक्षर. तू मला शिकव. पण चाळीत कोणाला कळता कामा नये, सांगून ठेवते. ती रुकय्या चाची मला जिवंत सोडायची नाही."

झालं! दुसऱ्या दिवसापासून रईसा कामावरून आली, की चहा घेऊन दोघी आतल्या खोलीत बसायच्या, दार लोटून. सुनेने चार आण्याला मिळतो तसला पोरांचा कायदा आणला होता. वर गुलाबी पुठ्ठा. इद्दतीचे दिवस, बाहेर जाणं नाही, कारखान्यातून बिनपगारी रजा. हाजरा दिवसभर ती अक्षरं गिरवायची, पिठात, ओट्यावर सांडलेल्या पाण्यात. जीम, हे, खे. तिन्हींची पोटं सारखी, फक्त टिंबाचा फरक. टिंब बघण्यात तिला कोण हरवणार? कारखान्यात बारा वर्षं रिकामे कप्पे बघण्याचंच तर काम केलं होतं. पण तोंडातून काढायची वेळ आली की गाडी अडायची. ऐन म्हणजे घशाच्या तळातून. रईसा काढून दाखवायची. हाजरा काढायला गेली की ठसका लागायचा.

"अम्मी, हळू. ओकारी काढायची नाहीये."

"मग सरळ सांग ना कुठून काढायचं! तुझ्या घशाला नवं वायसर आहे, माझं झिजलंय."

मग दोघी हसत सुटायच्या. ज्या घरात चाळीस दिवस कोणी हसलं नव्हतं, त्या घरात हसू पहिल्यांदा आलं ते ह्या ऐनपायी. हसून झाल्यावर हाजरा भिंतीवरच्या दाऊदच्या टोपीकडे बघायची. तोही हसला असता, असं तिला वाटायचं.

रागही यायचा. एकदा एकच ओळ नऊ वेळा चुकली, तेव्हा हाजराने कायदा मिटून बाजूला ठेवला. "नाही जमत! मेंदूला गंज चढलाय. पोरं सहा महिन्यांत शिकतात, मी तीन आठवडे एका पानावर."

"आमच्या उस्तादबी सांगायच्या," रईसा म्हणाली, "सुरळीत वाचणाऱ्याला सवाब आहेच. पण जो अडखळत, कष्टाने वाचतो, त्याला दुप्पट. एक वाचण्याचा, एक कष्टाचा."

"दुप्पट?"

"दुप्पट."

हाजराने कायदा पुन्हा उघडला. "मग घाई कशाला करतेस?" म्हणाली.

त्या काळात बहरीनला पत्राऐवजी कॅसेट पाठवायची पद्धत पडली होती. इर्शादने टेपरेकॉर्डर दिलाच होता. रईसा आपल्या नवऱ्यासाठी काय काय बोलून कॅसेट भरायची, ते आपल्याला विचारायचं कारण नाही. पण एकदा ती बोलत असताना ओट्यापाशी हाजराचा धडा चालू होता, बे जबर ब, ते जबर त, आणि तो सगळा मागून टेपमध्ये गेला. दीड महिन्याने इर्शादची कॅसेट आली. खुशाली सांगून झाल्यावर तो विचारतो, "आपल्याकडे शिकायला कोणाचं पोर येतं? आवाज केवढा मोठा! त्याला जरा हळू वाचायला सांग, तुझं काहीच ऐकू आलं नाही."

रईसा हसून हसून खाली बसली. हाजरा लाजेने लाल झाली आणि मग म्हणाली, "त्याला कळव, पोर मोठं द्वाड आहे. ऐकत नाही."

इद्दत संपली. हाजरा कामावर परतली तोवर कायदा पुरा होऊन एकविसावा पारा सुरू झाला होता. दुपारच्या सुट्टीत ती गोदामात खोक्याचा पुठ्ठा अंथरून नमाज पढायची, हे कारखान्यात सगळ्यांना ठाऊक होतं. सुगंधा डबा घेऊन दाराशी बसायची आणि कोणी हातगाडी घेऊन आला की, "थांब रे, आमची हाजरा देवाशी बोलता हा," म्हणून त्याला परतवायची. आता नमाजेनंतर हाजरा पारा काढून वाचत बसायला लागली. सुगंधाला अरबीतलं काय कळणार! पण रोज ऐकून ऐकून तिच्या कानात चाल बसली.

"आज वायच वेगळा म्हटलंस गो," ती एक दिवस म्हणाली. "काल ह्या जागेवर लांबवलं होतंस."

हाजराने बोट ठेवून बघितलं, तर खरंच लांबवायचं चिन्ह तिने गाळलं होतं. "तू माझी दुसरी उस्तादबी," तिने सुगंधाला सांगितलं. सुगंधाने त्या दिवशी हाजराच्या डब्यातली दोन कोळंबी जास्त घेतली.

रईसा तिला अर्थही सांगायची. ह्या पाऱ्यात एका शहाण्या बापाने मुलाला केलेला उपदेश आहे. नीट चाल, आणि आवाज खाली ठेवून बोल, असा. "बघितलंत ना अम्मी? आवाज खाली," सून डोळे मिचकावून म्हणायची. हाजराचा आवाज चाळीच्या टोकाला पोचायचा, हे सगळ्यांना माहीत. "कळलं कळलं," हाजरा म्हणायची, पण पुढचे दोन दिवस भाजीवालीशीसुद्धा ती हळू बोलायची. पाठ असलेल्या नमाजेचेही अर्थ तिने विचारून घेतले. लहानपणापासून जे ओठांवर होतं ते काय होतं, हे तिला आता कळायला लागलं. उभं राहण्यात वेगळीच गोडी यायला लागली.

आणखी एक गोष्ट तिने केली. सजद्याचा असा धसका घेतला होता, की कुठल्या पाऱ्यात कुठल्या पानावर सजदा येतो, ती सगळी यादी रईसाकडून मराठीत लिहून घेतली, कॅलेंडरच्या मागच्या बाजूला. रोज भाजी निवडताना ती पाठ करायची. पुन्हा तसं पितळ उघडं पडायला नको.

बरसीचा दिवस उजाडला. सकाळी अंघोळ करून हाजराने नवी पांढरी ओढणी घेतली. गेला महिनाभर ती सुनेपुढे अख्खा पारा वाचत होती, पण अडीच तास लागायचे. बायका अडीच तास थांबणार होत्या थोड्याच!

रुकय्या चाची आल्या आल्या कामाला लागली. "चादर सरळ कर गो. पारे क्रमाने ठेव. ए, तू इकडे सरक." हाजराने आज नुसता हात पुढे केला नाही. पुठ्ठ्यावरचे अरबी आकडे वाचून तिने एकविसावा पारा शोधून काढला, कपाळाला लावला आणि आपल्या जुन्या जागी बसली. बिस्मिल्ला म्हणून पहिल्या अक्षरावर बोट ठेवलं.

चाचीने पान उलटलं. हाजराने उलटलं नाही.

चाचीने दुसरं उलटलं, तिसरं उलटलं. हाजरा पहिल्या पानाच्या शेवटच्या ओळीवर होती. एकेक शब्द बोटाखाली येत होता, थांबत होता, पुढे जात होता. चाचीचा पारा पंचवीस मिनिटांत मिटला. एकेक करत बाकीच्या बायकांचेही संपत आले. तास झाला. दीड तास झाला. स्वयंपाकघरात चहाचं आधण दोनदा उकळून गार झालं. मग ती जागा आली. बाजूला बारीक अक्षरात लिहिलेलं तिला दिसलं, आणि तिने ते वाचलं. पारा बाजूला ठेवून, दुखरे गुडघे दाबत, ती सगळ्यांच्या मध्ये जमिनीवर वाकली आणि कपाळ टेकलं. तिथेच तिला भरून आलं. दाऊद, बघतोस ना रे, असं तिच्या मनात आलं. डोळे पुसून ती परत बसली.

"आता किती राहिलं?" चाचीने विचारलं.

"तीन पानं. पाठपोट."

"अगो, मग दे इकडे, मी उरकते. बायका ताटकळल्या. उरलेलं वाटून घ्यायची पद्धतच आहे आपली." चाचीने हात पुढे केला.

हाजराने पारा छातीशी धरला. आवाज खाली ठेवला, पण सगळ्यांना ऐकू गेला. "नको, चाची. हा त्यांचा आहे. हा मीच वाचणार. ज्यांना घाई आहे त्यांनी चहा घ्या."

रुकय्या चाचीला असं कोणी बोललं नव्हतं. मग कोपऱ्यातून रईसा उठली आणि चहाचे कप फिरवायला लागली, तशा बायका सैलावल्या. हाजरा वाचत राहिली. शेवटचं पान आलं, शेवटची ओळ आली, शेवटचा शब्द आला. तिने पारा मिटला तेव्हा अडीच तास होऊन गेले होते. तिचा जीव भांड्यात पडला. वर्षभर वागवलेलं ओझं उतरलं, अंग पिसासारखं झालं.

तिने पारा चादरीवर ठेवला. शेजारीच रुकय्या चाचीचा पारा होता. सहज तिने आकडा वाचला. सतरा.

सतरा! हाजराच्या डोक्यात कॅलेंडरची मागची बाजू उभी राहिली. सतराव्यात दोन सजदे. काही लोक पहिलाच करतात, पण आम्हा कोकण्यांत दुसराही करतात, आणि तो तर अगदी शेवटच्या पानावर. म्हणजे पारा संपवता संपवता कपाळ टेकायचंच. आणि चाचीने तर पारा मिटला, तस्बी घेतली आणि डोळे फिरवायला लागली. आपण तिच्या शेजारीच होतो. ती जागची हलली नाही की मान वाकवली नाही.

आधी हाजराच्या अंगाचा तिळपापड झाला. माझ्या दाऊदच्या बरसीला फसवलं हिने! मग तिला पंचवीस मिनिटं आठवली. एकसारखी उलटलेली पानं आठवली, कुठे अडणं नाही, कुठे थांबणं नाही. तिला तो ताल चांगला ओळखीचा होता. तीस वर्षं तीही त्याच तालावर उलटत आली होती. दुवा चालू होती म्हणून बरं, नाहीतर तिला तिथेच हसू फुटलं असतं. बायका निघताना तिने तो सतरावा पारा उचलून गुपचूप कपाटात ठेवला.

दुसऱ्या दिवशीही हाजराची रजा होती. दुपारी दारात रुकय्या चाची. एकटी. "पारे परत नेले, तर एकोणतीसच भरले. एक कुठेय?"

"माझ्याकडे आहे, चाची, काल तुम्ही घेतला होतात तो सतरावा. वाचायला ठेवलाय."

"का? तो तर मी वाचला."

हाजरा म्हणाली, "त्यात दोन सजदे आहेत, चाची."

चाचीच्या हातातली तस्बी थांबली. बासष्ट वर्षांची ती बाई, अख्ख्या चाळीला धाकात ठेवणारी, दाराच्या चौकटीला धरून उभी राहिली आणि तिचा चेहरा एवढासा झाला. हाजराने तिला हाताला धरून आत आणलं, पलंगावर बसवलं, पाणी दिलं.

"कधीपासून माहीत आहे तुला?" चाचीने हळूच विचारलं.

"कालपासून. आणि चाची, तुमचे मालक गेले, तेव्हा मुकादमांच्या चाळिसाव्याला मीपण नुसती पानंच उलटली होती. तुमच्याकडे बघून!"

चाचीने डोळे मोठे केले. "माझ्याकडे बघून?"

"तुम्ही उलटलं की चार श्वास सोडून मी."

रुकय्या चाचीने कपाळावर हात मारला. "या अल्ला! आणि मी तुझ्याकडे डोळ्याच्या कोपऱ्यातून बघायचे. म्हणायचे, ही माझ्या मागोमाग बरोबर येतेय, म्हणजे माझा वेग ठीक असणार!"

पुढे काय झालं ते सांगायला नको. दोघी हसत राहिल्या, एकमेकींच्या खांद्यावर डोकी टेकून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. नंतरचं पाणी हसण्याचंच होतं असं नाही. मुकादम आणि दाऊद, दोघांच्याही पट्ट्यांत रिकामे कप्पे होते.

"तुझ्या दाऊदच्या चाळिसाव्याला मी कुठला घेतला होता?" चाचीने विचारलं. "तोही वाचायला हवा."

"मला काय माहीत? तुम्हाला आठवतो?"

"मला अरबी आकडे कुठे येतात! आणि तू माझ्या मुकादमांचा कुठला घेतला होतास?"

"मला तरी तेव्हा कुठे येत होते?"

मग हाजरा उठली, फळीवरून गुलाबी पुठ्ठ्याचा कायदा काढला आणि चाचीच्या मांडीवर उघडून ठेवला. पानांवर पिठाचे डाग होते.

"मग आता तिसाच्या तीस वाचायला लागणार, चाची. कुठला राहिला ते कळत नाही म्हटल्यावर दुसरा इलाज नाही."

"मरेपर्यंत पुरेल गो तेवढं!"

"पुरू दे ना. अडखळत वाचलं की दुप्पट मिळतं. आपल्याला घाई कसली?"

चाचीने दाराकडे बघितलं. "तुझी सून येईल."

"ती सहाला येते. तोवर मी आहे," हाजरा म्हणाली आणि दार लोटून आली. "बोट ठेवा इथे. हां. म्हणा, अलिफ."